पाठीवरचे मूल

झाशीहून ललितपूरच्या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर गेले की बबीना लागते. लष्करी छावणी, रणगाड्यांच्या आणि तोफांच्या सरावाचे विस्तीर्ण माळ, झाशी-बीना लोहमार्गावरचे एक स्टेशन आणि छावणीच्या आधाराने वाढलेला बाजार एवढीच या गावाची ओळख. माझा भाचा लष्करात असल्यामुळे काही वर्षांपूर्वी चार दिवस तेथे राहण्याचा योग आला. त्याच्या घरातील भिंतीवर राणी लक्ष्मीबाईचे ते सर्वपरिचित चित्र होते: उसळलेला घोडा, उगारलेली तलवार आणि पाठीशी बांधलेले मूल. संध्याकाळी शेजारची दोन-तीन मराठी कुटुंबे जमली होती. झाशीचे राज्य खालसा होण्याची हकीगत मी मोठ्या तन्मयतेने सांगत होतो. भाच्याचा आठ वर्षांचा मुलगा चित्राकडे पाहत मध्येच म्हणाला, ''आजोबा, त्या पाठीवरच्या मुलाचं पुढे काय झालं?'' मी उत्तर देण्यापूर्वीच त्याची आई म्हणाली, ''आजोबा सांगताहेत ना? मोठ्यांच्या मधे बोलू नये.'' मुलगा गप्प बसला. आणि कबूल केले पाहिजे, मीही माझी हकीगत पुढे चालू ठेवली.

त्या प्रश्नाने पुढे मला स्वस्थता दिली नाही. मुलांविषयीच्या आणि आईबापपणाविषयीच्या समजुती इतिहासात कशा पालटत गेल्या, यावर आपल्याकडे अलीकडे बरेच बोलले जाते. परंतु त्या चर्चेत दोन ठरावीक भूमिकाच आलटून पालटून मांडल्या जातात, आणि दोन्ही भूमिका त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. प्रस्तुत लेखाचा रोख या दोन्ही भूमिकांकडे आहे.

प्रथम त्या प्रश्नाचे उत्तर. गंगाधरराव नेवाळकर आणि लक्ष्मीबाई यांना १८५१ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव दामोदर. तो काही महिन्यांतच गेला. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव मरणशय्येवर असताना नेवाळकर घराण्याच्याच एका शाखेतील वासुदेवरावांचा सुमारे पाच वर्षांचा मुलगा दत्तक घेण्यात आला. विधीला इंग्रज अधिकारी साक्षीदार म्हणून हजर होते. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, गंगाधरराव वारले. दत्तक मुलाचे मूळ नाव आनंदराव. विधीनंतर तो 'दामोदरराव' झाला. गेलेल्या मुलाचे नाव असलेल्या मुलाला मिळाले. डलहौसीने दत्तक अमान्य केले आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. मात्र गंगाधररावांच्या खाजगी मालमत्तेपुरता हाच मुलगा वारस आहे असे कंपनी सरकारने मानले. एकच मूल, एकाच विधीने दत्तक गेलेले, राज्यापुरते मुलगा नव्हते आणि पेटीतल्या पैशापुरते मुलगा होते.

१८५८ च्या एप्रिलमध्ये राणीने झाशीचा किल्ला सोडला तेव्हा दामोदरराव जवळजवळ नऊ वर्षांचा होता. आपल्या चित्रांतले आणि पुतळ्यांतले मूल मात्र बहुधा दोन-तीन वर्षांचे असते. या फरकाकडे कोणी लक्ष दिल्याचे मला आठवत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला स्मरण असते, भीती असते, मत असते. तो पुढे साक्ष देऊ शकतो. दोन वर्षांचे मूल हे आईच्या शौर्याचे एक लक्षण म्हणून पाठीवर शोभते. चित्रकारांनी मुलाचे वय कमी केले ते बहुधा नकळत, पण म्हणूनच ते अधिक बोलके आहे.

ग्वाल्हेरजवळ जून १८५८ मध्ये राणी पडली. त्यानंतर हा मुलगा निष्ठावंत माणसांच्या सोबतीने रानोमाळ हिंडला. १८६० मध्ये तो इंदूरला पोहोचला, आणि इंग्रजांच्या देखरेखीखाली, त्यांनी बांधून दिलेल्या तनख्यावर तेथेच वाढला. य. न. केळकरांच्या 'इतिहासाच्या सहली' (१९५९) या पुस्तकात त्याच्या नावावरची एक हकीगत आहे. ती त्याच्याच तोंडची कितपत, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. द. ब. पारसनिसांनी लिहिलेले राणीचे चरित्र १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा दामोदरराव पंचेचाळिशीत होते आणि इंदुरातच राहत होते. २८ मे १९०६ रोजी ते वारले. वंशजांनी 'झाशीवाले' हे आडनाव लावले. म्हणजे ज्या काळात राणीची कीर्ती मराठी मनात घर करत होती, त्याच काळात तिच्या पाठीवरचे मूल एका मराठी संस्थानाच्या राजधानीत वय वाढवत होते. त्याच्याविषयी आपल्याला फारसे कुतूहल नव्हते, आजही नाही.

आता त्या दोन भूमिकांकडे वळू. पहिली भूमिका आपल्या विद्यापीठांत प्रतिष्ठा पावलेली आहे. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० मध्ये असा सिद्धान्त मांडला की मध्ययुगीन युरोपला बालपणाची वेगळी जाणीवच नव्हती. मूल दाईच्या हातून सुटले की ते लहान आकाराचे प्रौढ होई. लॉरेन्स स्टोन याने १९७७ मध्ये इंग्लंडपुरता हाच धागा पुढे नेला. मेलेल्या मुलाचे नाव नंतरच्या मुलाला देण्याची चाल त्याने पुरावा म्हणून पुढे केली: प्रत्येक मूल एकमेव असते हे त्या लोकांना जाणवत नव्हते, म्हणून नाव पुन्हा वापरले जाई. लिंडा पोलॉक यांनी १९८३ मध्ये जुन्या रोजनिशा धुंडाळून आईबापांच्या शोकाचे इतके दाखले समोर ठेवले की हा सिद्धान्त पुष्कळच खिळखिळा झाला. आपल्याकडे मात्र तो अजून परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून सुखाने नांदतो. 'बालपण ही वसाहतकाळाची निर्मिती होय' असे एकदा म्हटले की पुढचा शोध घ्यावा लागत नाही. मी स्वतः तरुण अध्यापक असताना एका चर्चासत्रात हेच वाक्य मोठ्या ऐटीत उच्चारले होते आणि टाळ्याही घेतल्या होत्या.

ते चुकीचे होते. तेराव्या शतकातील महानुभाव चरित्रग्रंथ वाचणाऱ्याला ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू मुलांबरोबर मुलांसारखे खेळताना दिसतात. 'ज्ञानेश्वरी'तील माय-लेकराचे दृष्टान्त, संतांचे बालक्रीडेचे अभंग, जात्यावरच्या ओव्या यांत मुलाचे रांगणे, रुसणे, बोबडे बोलणे किती बारकाईने टिपले आहे! हे पाहणाऱ्या डोळ्यांना बालपण दिसत नव्हते असे म्हणणे हा अडाणीपणा होय.

परंतु येथेच दुसरी भूमिका हात उंचावून पुढे येते: आमच्या परंपरेत मूल म्हणजे साक्षात देव, बाळकृष्ण, आम्हांला कोणी काय शिकवावे? ही भूमिका व्यासपीठांवर अधिक लोकप्रिय आहे आणि अधिक घातकही. दृष्टान्तातले लेकरू हे बहुतेक वेळा भक्ताचे रूपक असते. त्याच्या रडण्यातून देवाची करुणा समजावून द्यायची असते. रडणाऱ्या मुलाचे काय दुखते आहे, हा तेथे विषयच नसतो. समर्थांच्या 'दासबोधा'त तर जन्म आणि बालपण हे दुःखाच्या निरूपणाचे प्रकरण आहे. मूल दिसत होते, आवडत होते, आणि तरी ते कुणाच्या तरी अर्थाचे वाहन होते.

झाशीच्या नावाचेच पाहा. स्टोनचा निष्कर्ष येथे टिकत नाही. 'दामोदर' हे नाव पुन्हा ठेवण्यामागे मायेचा अभाव नव्हता. गेलेल्या तान्ह्याचा शोकच त्यात होता. त्याच वेळी हेही तितकेच खरे की जिवंत मुलाचे पाच वर्षांचे नाव त्या दिवशी पुसले गेले, आणि त्याला काय वाटते हे विचारण्याची कल्पनाही कोणाला सुचली नाही. माया होती, मुलाच्या स्वतंत्र अस्तित्वाची दखल नव्हती. या दोन गोष्टी एक नाहीत, हे न ओळखल्यामुळेच आपली सारी चर्चा फसते. एक पक्ष दखल नव्हती म्हणून मायाही नव्हती असे म्हणतो. दुसरा माया होती म्हणून दखलही होतीच असे गृहीत धरतो.

मुलांविषयीच्या समजुतींचा खरा इतिहास पाहायचा तर एक साधा प्रश्न विचारावा: कोणाला कोणाची गरज आहे असे तो समाज मानतो? जुन्या दत्तकविधानात उत्तर स्पष्ट आहे. वंशाला, पिंडाला, गादीला मुलाची गरज. आपल्या प्रदेशात प्रमाण मानल्या गेलेल्या नीलकंठ भट्टांच्या 'व्यवहारमयूखा'ने दत्तक मुलगाच असू शकतो, मुलगी नव्हे, असा निर्वाळा दिला. नंदपंडितांनी 'दत्तकमीमांसे'त मुलीच्या दत्तकाला अनुकूल मत दिले होते, ते मागे पडले. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की मुंबई इलाख्यातील हिंदू कायद्याप्रमाणे दत्तक जाणाऱ्याला वयाची अटच नव्हती. विवाहित, मुलाबाळांचा बाप झालेला गृहस्थही दत्तक जाऊ शकत असे. म्हणजे दत्तक 'मूल' हे मूल असण्याचे कारणच नव्हते. ते एक पद होते. ज्याला गादीवर किंवा पिंडाला बसवायचे तो मुलगा. वय हा तपशील.

कंपनी सरकारची दृष्टी याहून उदार होती, असा भ्रम कोणी बाळगू नये. डलहौसीने दामोदररावाकडे पाहिले ते एक दस्तऐवज म्हणून. शास्त्रींनी पाहिले ते दुसरा दस्तऐवज म्हणून. दोघांचा वाद मुलाविषयी नव्हता.

त्या आधी दहा-अकरा वर्षे, १८४२ मध्ये, झाशीच्या गणेशमंदिरात मणिकर्णिका तांबे या मुलीचे लग्न गंगाधररावांशी झाले आणि तिचेही नाव बदलून 'लक्ष्मीबाई' झाले. तिचे जन्मवर्ष १८२८ की १८३५ याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. दुसरे वर्ष धरले तर ती त्या दिवशी सात वर्षांची होती. ज्या चित्रात आपल्याला एक मूल दिसते त्यात कदाचित दोन मुले होती, असे म्हणावेसे वाटते.

हे चित्र उलटे कोणी केले? याचे उत्तर पॅरिसमध्ये शोधण्याचे कारण नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले ते १८६३ मध्ये, म्हणजे राणीच्या मृत्यूनंतर पाचच वर्षांनी. विधवांनी तेथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, हवे तर मूल ठेवून जावे. १८७४ मध्ये अशाच एका ब्राह्मण विधवेचे, काशीबाईचे, मूल फुले दांपत्याने आपले मानले. त्याचे नाव यशवंत. जोतीरावांनी १८८७ च्या मृत्युपत्रात त्याला वारस केले. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी रुग्णसेवा केली ती त्याच्या दवाखान्यात.

ही दोन दत्तके एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत, अशी माझी विनंती आहे. झाशीत घराण्याला मुलगा हवा होता म्हणून मूल शोधले गेले आणि तेही आपल्याच कुळातले. पुण्यात मुलाला घर हवे होते म्हणून आईबाप उभे राहिले. कूळ विचारले गेले नाही, जात उलटी असूनही विचारली गेली नाही. गरजेची दिशा बदलली. बालपणाच्या इतिहासातील ही घटना माझ्या मते युरोपातील कोणत्याही तैलचित्राहून मोठी आहे. आणि ती घडली ती मायेच्या उमाळ्यातून नव्हे. उकिरड्यावर आणि विहिरीत टाकलेल्या अर्भकांकडे सरळ पाहण्याच्या धैर्यातून. 'आमच्याकडे मूल म्हणजे देव' म्हणणाऱ्यांनी या गृहाचे नाव एकदा सावकाश उच्चारावे. १८८१ मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली (ती पुढे कमी करण्यात आली) आणि वृत्तपत्रांनी स्त्रीजातीवर आग पाखडली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) लिहिली. त्या मुलाला मारणारी एकटी आई नसते, हे मराठीत इतक्या परखडपणे प्रथमच सांगितले गेले.

त्यानंतरचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे म्हणून थोडक्यात सांगतो. १८९१ चा संमतिवयाचा कायदा, ज्याने मुलीचे वय दहावरून बारावर नेले आणि ज्याने महाराष्ट्र दुभंगला. १९२९ चा शारदा कायदा. १९५६ चा दत्तक कायदा, ज्याने मुलीही दत्तक जाऊ लागल्या आणि पंधरा वर्षांची वयोमर्यादा आली, जरी रूढीच्या अपवादाची खिडकी उघडीच राहिली. बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्याने दत्तकाचा आदेश देण्यापूर्वी मुलाचे हित तर पाहावेच, पण त्याच्या वयाप्रमाणे व समजुतीप्रमाणे त्याची इच्छाही विचारात घ्यावी असे बंधन घातले. पाच वर्षांच्या आनंदरावाला १८५३ मध्ये न विचारलेला प्रश्न कायद्यात यायला शतकाहून अधिक काळ लागला.

शिक्षणात हेच काम ताराबाई मोडकांनी केले. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला घेतलेला अनुभव त्या बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर घेऊन आल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच अंगणात न्यावी, हा त्यांचा आणि अनुताई वाघांचा विचार किती साधा होता! अनुताई स्वतः बालविधवा होत्या, हे विसरून चालणार नाही. 'अंगणवाडी' हा शब्द त्या कामातून पुढे आला, आणि १९७५ पासून तो देशभर एका सरकारी योजनेचा शब्द झाला.

मराठी साहित्य या प्रवासात कोठे होते? समीक्षेने बालसाहित्याला वाङ्मयेतिहासाच्या शेवटच्या प्रकरणात, बहुधा चार पानांत, बसवले. साहित्य अकादेमीने बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला तो २०१० मध्ये. आपल्या सर्वांत लाडक्या पुस्तकाचे नावही 'श्यामची आई' (१९३५) आहे. साने गुरुजींच्या पुस्तकाविषयी मला आदर आहे, ते वाचून मीही रडलो आहे. पण त्याची समीक्षा करताना आपण नेहमी आईविषयी लिहितो. लहानपणाची लाज, हट्ट, खोटेपणा आठवून सांगणाऱ्या श्यामविषयी लिहीत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तही तसेच. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडात फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे खूळ शिरले, आणि त्याची शिक्षा घरातील मुलांनी भोगली. सत्तावन्नच्या इतिहासाचे मुलाच्या उंचीवरून घडणारे हे दर्शन आपण 'विनोदी' म्हणून वाचले.

मुलाची साक्ष ऐकणे मराठी वाचकाला भाग पाडले ते दलित व भटक्या-विमुक्त लेखकांनी. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४) ही आत्मकथने आपण समाजशास्त्रीय दस्तऐवज म्हणून गौरवली. ती प्रथमतः बालपणाची पुस्तके आहेत. शाळेत बापाचे नाव काय लावायचे, हा शरणकुमार लिंबाळे यांच्या पुस्तकातील प्रश्न दत्तकाच्या साऱ्या शास्त्राला समोरून दिलेले आव्हान आहे. तेथे मूल कोणाच्या पाठीवर नाही. ते रस्त्यावर उभे आहे आणि बोलते आहे.

मग आज आपण पोहोचलो का? आकडे तसे म्हणू देत नाहीत. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या; २०११ मध्ये ८९४ उरल्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ मध्ये देशात पहिला कायदा करणाऱ्या राज्याची ही स्थिती. २०११ मध्येच सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींचे नव्याने नामकरण करावे लागले. नकोशी! आईबापांनी आपल्या गरजेचा हिशेब मुलीच्या नावातच लिहून ठेवला होता.

आणि ज्या घरांत मूल हवेसे आहे, एकुलते आहे, लाडके आहे, तेथे काय चालले आहे? 'पालकत्व' हा शब्द आज जिकडेतिकडे ऐकू येतो. व्याख्याने होतात, पुस्तके खपतात. १९८७ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या 'पालकनीती'सारख्या मासिकाने हा शब्द गांभीर्याने वापरला. बाजाराने त्याचे कौशल्य करून टाकले. मूल ही आता आईबापांची कामगिरी झाली आहे. तिसरीतल्या मुलाची स्पर्धापरीक्षेची तयारी, भाषेची निवड आजूबाजूच्या प्रतिष्ठेवरून, सुटीचे वेळापत्रक तासातासाने. पूर्वी वंश चालवायचा होता, आता राहून गेलेल्या इच्छा चालवायच्या आहेत. हे सारे मायेपोटीच घडते, यात मला तिळमात्र शंका नाही. माझ्या मुलीच्या बाबतीत मीही ते केले. तिने कोणती शाखा घ्यावी हे मी ठरवले तेव्हा तिच्यापेक्षा मला माझ्या वडिलांचे अधिक भय होते. आज ती ते हसून सांगते. मला हसता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की मुलांना सारे विचारत बसले तर घर चालायचे कसे? हा आक्षेप उथळ नाही. मुलाला दिशा लागते, नकारही लागतो. नऊ वर्षांच्या दामोदररावाला वेढ्यातून बाहेर काढताना राणी त्याचे मत घेत बसली नसती, आणि बसू नये. परंतु पाठीशी बांधणे हे संकटकाळातले कर्तव्य आहे. आपण त्याचे मंदिर केले. युद्ध संपल्यावर गाठ सोडायची असते, हे त्या चित्रात कोठेही लिहिलेले नाही.

झाशी सोडण्याच्या आदल्या दिवशी, मी त्या मुलाला बबीन्याच्या बाजारात घेऊन गेलो. त्याला दामोदररावाची हकीगत सांगितली: मूळचे नाव, बदललेले नाव, रानातले दिवस, इंदूर, म्हातारपण. दूर माळावर सरावाच्या तोफांचा आवाज चालू होता. त्याला त्याची सवय होती. त्याने सारे ऐकून घेतले आणि विचारले, ''त्याला परत आनंदराव कोणी म्हणालं का?''

मला ठाऊक नाही, असे मी त्याला सांगितले.